जुन्या मोटारीच्या मागच्या कमानी

ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत म्हसा नांवाचें गांव आहे. पौष पौर्णिमेस तेथें म्हसोबाची जत्रा भरते, आणि त्या जत्रेंतील बैलांचा बाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. बैल घेणारा जाणता शेतकरी प्रथम शिंगांचा रंग पाहत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, आणि शेवटीं बैलास चार पावलें चालवून मागून त्याची चाल पाहतो. पुढून देखणें दिसणारें जनावर मागच्या पायांनीं लंगडत असेल, तर सौदा तेथेंच मोडतो.

या शेतकऱ्यांच्या घरीं बैलगाडी हेंच जेव्हां वाहन होतें, तेव्हां तिच्या बाबतींत एक न लिहिलेला कायदा पाळला जाई. आखाला वंगण घालणें हें धन्याचें काम. तें तो सहसा दुसऱ्यावर सोंपवीत नसे. परंतु चाकाला लोखंडी धाव चढवावयाची झाली, म्हणजे तो चाक घेऊन लोहाराच्या दारीं जाई. धाव तापवून फुगवावी, लांकडी चाकावर बसवावी आणि पाणी ओतून आवळावी, एवढेंच तें काम. पाहणाऱ्यास तें घटकाभराचें वाटे. पण अंदाज चुकला तर आरे मोडत, नाहीं तर धाव भर रस्त्यांत निसटे. वंगण घरचें आणि धाव लोहाराची, अशी ही वांटणी होती. तींत धन्याला कमीपणा वाटत नसे.

बैलगाडी मागें पडली, तरी या वांटणीचा प्रश्न मागें पडलेला नाहीं. तो आतां जुन्या मोटारींच्या रूपानें उभा राहतो. कल्याणहून रायत्यावरून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एखाद्या घराच्या पडवींत, ताडपत्रीखालीं दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स मोटार उभी आहे अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. वडिलांनीं ती हौसेनें घेतली, वडील गेले, मोटार मुलाकडे आली. तिचें इंजिन अद्याप चालू होतें. परंतु मागचीं चाकें वरच्या बाजूस आंत झुकलेलीं आणि खालीं फांकलेलीं दिसतात. खड्ड्यांतून जातांना मागून ठक्‌ असा आवाज येतो. वळणावर मागचें अंग पाऊल चुकल्यासारखें किंचित् सरकतें. मागचें सस्पेन्शन, म्हणजे चाकें, कमानी आणि सांगाडा यांना जोडणारी सारी रचना, उकलून नव्यानें बांधावी लागणार हें उघड आहे. तें काम स्वतः करावें कीं कारागिराकडे द्यावें, एवढाच प्रश्न उरतो. परंतु हा एवढासा प्रश्न पैशाचा आहे, अभिमानाचा आहे आणि जिवाचाहि आहे.

ही मोटार ट्रायम्फ स्पिटफायर आहे असें धरावें. इंग्लंडांतील ट्रायम्फ कंपनीनें १९६२ सालीं लंडनच्या मोटार प्रदर्शनांत ती प्रथम मांडली. तिचें देखणें रूप जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचें. १९८० पर्यंत अशा सुमारें ३ लाख १४ हजार मोटारी बाहेर पडल्या. तिच्या अंगाखालची यंत्ररचना मात्र स्वतंत्र नव्हती. १९५९ सालीं निघालेल्या ट्रायम्फ हेरल्ड या साध्या घरगुती मोटारीवरून ती घेतलेली होती. तीच हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीनें १९६१ पासून भारतांत तयार केली. त्यामुळें स्पिटफायर ही परदेशची पाहुणी असली, तरी तिच्या मागच्या चाकांची जात या देशांतील जुन्या कारागिरांना अगदींच अनोळखी नाहीं. पुढें त्याच मद्रासच्या कंपनीनें गॅझेल ही मोटार काढतांना हेरल्डची मागची रचना टाकून दिली आणि तेथें एकसंध अॅक्सल घातला. या बदलांत त्या जुन्या रचनेवरचा एक मूक अभिप्राय दडलेला आहे.

ही रचना समजून घेण्यासाठीं परिचयाच्या एका मोटारीशीं तुलना करावी. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली प्रीमियर पद्मिनी कोणाला ठाऊक नाहीं? मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तिच्या मागच्या दोन्ही चाकांमध्यें एकच ताठ अॅक्सल असतो आणि त्याच्या दोन टोकांखालीं, मोटारीच्या लांबीच्या दिशेनें, पाट्यांच्या दोन कमानी असतात. एक चाक उचललें तर दुसरेंहि थोडें कलतें. पण दोघें नेहमीं एकमेकांच्या धाकांत राहतात. स्पिटफायरचें तसें नाहीं. तिला मागें एकच कमान आहे आणि ती आडवी आहे. मधोमध डिफरन्शियलच्या डोक्यावर ती घट्ट बसविलेली असते. तिचीं दोन टोकें दोन चाकांजवळच्या उभ्या दुव्यांना धरून असतात. डिफरन्शियलपासून प्रत्येक चाकाकडे एक स्वतंत्र दांडा जातो. त्या दांड्याला आंतल्या टोंकाशींच एक सांधा असतो, ज्याला गॅरेजांत ‘क्रॉस’ म्हणतात. बाहेरच्या टोंकाला सांधा नाहीं. म्हणजे दांडा आणि चाक मिळून पक्ष्याच्या पंखासारखे वरखालीं हालतात. चाक पुढेंमागें सरकूं नये म्हणून एक तिरपा दुवा त्याला सांगाड्याशीं बांधून ठेवतो, आणि उसळी आवरण्यासाठीं शॉकअॅब्सॉर्बर असतो.

या पंखासारख्या हालचालींतच धोका आहे. वेगानें वळण घेत असतां चालकानें भिऊन एकदम पाय उचलला, तर मोटारीचें मागचें अंग वर उठतें. अंग उठलें कीं बाहेरच्या बाजूचा दांडा खालीं झुकतो, चाकाचा तळ आंत वळतो, आणि चाक रस्त्यावर सपाट टेंकण्याऐवजीं कडेवर उभें राहतें. मग मागचें अंग बाहेर फेंकलें जातें. नव्या, नीट बांधलेल्या मोटारींतहि हा स्वभाव होता. म्हणूनच १९७० च्या सुमारास कंपनीनें कमानीचा सर्वांत खालचा पाटाच काय तो घट्ट धरून बाकीचे पाटे मोकळे डोलतील अशी सुधारणा केली. ज्या मोटारीच्या बुशी झिजल्या आहेत, कमान बसली आहे आणि दांडा ढिला झाला आहे, तिच्यांत हाच स्वभाव आधीं न सांगतां प्रकट होतो. मुरबाडहून टोकावड्यावरून माळशेजच्या घाटाकडे जाणाऱ्यास याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आतां स्वतः काम करण्याच्या बाजूनें काय म्हणतां येईल, तें पाहावें. पहिली गोष्ट अशी कीं, या रचनेंतील बहुतेक भाग साधे आहेत. बोल्ट, बुशी, दुवे आणि पट्ट्या यांत पाना चालविणाऱ्या शहाण्या माणसाला न समजण्यासारखें कांहीं नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, इंग्लंडांत या मोटारीचे सुटे भाग अद्याप नवे बनतात आणि मागविले म्हणजे मिळतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारागिराजवळ अनुभव असतो, पण वेळ नसतो. धन्याजवळ अनुभव नसतो, पण वेळ असतो. रोजच्या गिऱ्हाइकांत गुंतलेला कारागीर एका जुन्या मोटारीचा गंजलेला बोल्ट तेल सोडून आठ दिवस भिजत ठेवील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. तो तापवील, ठोकील किंवा कापील. धनी मात्र आठ दिवस थांबूं शकतो, आणि जुन्या लोखंडाशीं वागतांना थांबणें हेंच अर्धें कौशल्य असतें.

विरुद्ध बाजूहि तितकीच खरी आहे. मजुरी वांचते, पण हत्यारांचा खर्च वाढतो. आणि त्यांतलीं कांहीं हत्यारें जन्मांत एकदांच लागतात. शिवाय चुकीचें फळ कोणाला भोगावें लागतें, हेंहि पाहिलें पाहिजे. खोलींतला पंखा स्वतः दुरुस्त करून बिघडला तर घरधनी उकाडा सोसतो. मोटारीचें तसें नाहीं. दोन आसनांच्या मोटारींतलें एक आसन नेहमीं दुसऱ्याचें असतें. त्यावर बसणाऱ्या बायकोनें, मुलीनें किंवा मित्रानें बोल्ट कोणीं आवळले हें विचारलेलें नसतें. त्यांनीं विश्वास ठेवलेला असतो. म्हणून ‘मला हें जमेल काय’ असा प्रश्न अपुरा आहे. ‘मीं केलेल्या कामावर दुसऱ्याला बसवितां येईल काय’ हा पुरा प्रश्न होय.

या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देऊं नये. सारें काम एकच गांठोडें समजून ‘घरीं’ किंवा ‘बाहेर’ असें ठरविणें हीच मूळ चूक आहे. गांठोडें सोडावें, म्हणजे त्यांत तीन निरनिराळ्या जातींचीं कामें आढळतात.

पहिली जात पाहण्याची आणि मोजण्याची. हें काम धन्याचेंच आहे आणि तें कोणावर सोंपवूं नये. मोटार सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. पुढच्या चाकांना पुढून मागून अटकाव द्यावा. मागचें अंग जॅकनें उचलून सांगाड्याखालीं मजबूत घोड्या द्याव्यात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखालीं कोणीहि शिरूं नये, आणि विटांच्या चळतीवर तर मुळींच विसंबूं नये. वीट भार सोसतां सोसतां आगाऊ सूचना न देतां फुटते. मग चाक वर आणि खालीं धरून हालवून पाहावें. हालत असेल तर तें उभ्या दुव्याच्या बुशींत हालतें कीं चाकाच्या बेअरिंगांत, हें दुसऱ्या माणसानें जवळून डोळ्यांनीं पाहावें. तिरप्या दुव्याच्या रबरी बुशी फुटल्या आहेत काय, कमानीचा एखादा पाटा चिरला आहे काय, दुवा जेथें अंगाला जोडला आहे तेथील पत्रा गंजानें खाल्ला आहे काय, हें एका वहींत लिहावें. अनेकदां या वहीनेंच निम्मा निर्णय होतो. पत्राच खाल्लेला असेल, तर नव्या बुशी घालणें म्हणजे कुजलेल्या तुळईवर नवीं कौलें चढविणें.

दुसरी जात सोडण्याची, धुण्याची आणि पुन्हां बांधण्याची. हेंहि धन्याला करतां येतें. मात्र तीन पथ्यें पाळावीं लागतात. पहिलें पथ्य असें कीं, शॉकअॅब्सॉर्बर सोडण्यापूर्वीं उभ्या दुव्याखालीं जॅकचा टेंका असलाच पाहिजे. चाक किती खालीं जावें ही मर्यादा तोच राखीत असतो. तो सुटला कीं कमान आपला सांठलेला जोर एका क्षणांत खालीं टाकते. तो जोर हाताचीं बोटें ओळखीत नाहीं. ब्रेकची रबरी नळीहि अशा वेळीं ताणून तुटूं शकते. म्हणून ती आधीं मोकळी करावी. दुसरें पथ्य असें कीं, तिरप्या दुव्याच्या बैठकीमागें पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या केवळ फट बुजविण्यासाठीं घातलेल्या नसतात. त्यांच्या संख्येवर मागचीं चाकें सरळ रेषेंत राहणें अवलंबून असतें. डाव्या बाजूच्या चकत्या डाव्या डब्यांत आणि उजव्या बाजूच्या उजव्या डब्यांत, मोजून, चिठ्ठी लावून ठेवाव्यात. तिसरें पथ्य पुष्कळ जाणत्यांकडूनहि चुकतें. रबरी बुशींचे बोल्ट चाकें अधांतरीं लोंबत असतां शेवटचे आवळूं नयेत. मोटार जमिनीवर टेंकवावी, आसनांवर माणसांचा भार द्यावा, आणि मगच ते पक्के करावेत. नाहीं तर रबर कायमचें पिळलेल्या स्थितींत राहतें आणि थोड्याच दिवसांत फाटतें. मग दोष रबरावर जातो.

तिसरी जात धाव चढविण्याची. येथें धन्यानें थांबावें. या रचनेंतलें सर्वांत कठीण काम म्हणजे चाकाची हब दांड्यावरून काढणें. ती निमुळत्या टोंकावर बसविलेली असते आणि पन्नास साठ वर्षांच्या गंजानें दांड्याशीं एकजीव झालेली असते. साधा पुलर लावून जोर केला तर हब सुटत नाहीं, तिची कड मात्र वाकते. तिच्यासाठीं जाड, खास घडविलेला पुलर लागतो, आणि तो वापरलेला हात लागतो. त्याच्या आंतली गोष्ट याहून गंभीर आहे. दांडा आंतल्या बाजूस सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगांत फिरतो आणि ते रोलर थेट दांड्याच्याच अंगावर चालतात. वंगण कमी पडलें तर तेथें दांड्याला खांच पडते. खांच वाढत जाते. आणि एक दिवस दांडा तेथेंच तुटतो. दांडा तुटला म्हणजे हब आणि चाक मोटारीला सोडून जातात. नखाला लागेल एवढी खांच दिसली, तर नवें बेअरिंग घालून समाधान मानूं नये, दांडाच बदलावा. हें काढणें, पारखणें आणि दाबयंत्रावर बसविणें अनुभवी कारागिराचें काम आहे. दोन्ही दांडे मोटारींतून सोडून पोत्यांत गुंडाळून त्याच्याकडे नेतां येतात. सारी मोटार न्यावयाची गरज नाहीं. यांतच धन्याचा पैसाहि वांचतो.

कमानीचेंहि तसेंच. हमरस्त्याच्या कडेला ट्रकच्या कमानी दुरुस्त करणारे कुशल लोक असतात. परंतु ट्रकचा पाटा आणि ७०० किलोच्या मोटारीचा पाटा यांच्या प्रकृतींत फार अंतर आहे. बसलेला पाटा नुसता तापवून वाकविला तर आकार येतो, पण पोलादाचें पाणी उतरतें, आणि चार महिन्यांत कमान पुन्हां बसते. पोलाद पुन्हां कठीण करून त्याला योग्य पाणी देणारा मिळत असेल तरच तें काम त्याला द्यावें. एरवीं नवी कमान मागवावी. ज्याला १९७० नंतरची सुधारलेली डोलती कमान आपल्या जुन्या स्पिटफायरला घालावयाची असेल, त्यानें हें लक्षांत ठेवावें कीं कंपनीनें तिच्याबरोबर पुढचा तोलदांडाहि जाड केला होता. एक औषध घेऊन त्याचें अनुपान टाळलें, तर गुण येत नाहीं.

डिफरन्शियल उकलून पुन्हां जुळविणें हें तर घरीं करावयाचें कामच नव्हे. तें गुरगुरत नसेल तर त्याला हात लावूं नये; तेल गळत असेल तर सील बदलून घ्यावें.

याच ठिकाणीं एक मोह आडवा येतो. एखादा धाडसी कारागीर म्हणतो कीं हा पंखासारखा प्रकार मुळांतूनच काढून टाकूं, दुसऱ्या मोटारीचा ताठ अॅक्सल सांगाड्याला वेल्ड करूं, आणि कटकट मिटवूं. मद्रासच्या कंपनीनेंहि अॅक्सल बदलला होताच, असा दाखला तो देऊं शकेल. परंतु कंपनीनें नवी मोटार आंखून तो बदल केला. जुन्या सांगाड्याला पडवींत टांके मारून केला नाहीं. शिवाय केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली मोटार त्यांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंदवितां येते. ती नोंद दहा वर्षें चालते; आणि सांगाडा, अंगाचा सांठा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. अशा मोटारीला रोजच्या वापराची मुभा नाहीं. प्रदर्शन, विंटेज मोटारींची फेरी, इंधन भरणें आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणावी लागते. ज्याला वडिलांच्या मोटारीची अशी नोंद करावयाची आहे, त्यानें सांगाड्याला ठिणगी लागण्यापूर्वीं हे नियम वाचावेत. बुशी, बेअरिंगें आणि कमान बदलणें ही निगा होय. सांगाडा कापणें हा फेरफार होय.

काळवेळहि पाहावी. मुरबाडचा पाऊस ज्याला माहीत आहे, तो आषाढ श्रावणांत मोटार उघडून ठेवणार नाहीं. रोज पुसलेल्या भागावर रोज सकाळीं तांबूस छटा चढते. दिवाळी झाल्यावर काम काढावें. सुटे भाग आधीं मागवून, ते हातीं आल्यावरच पहिला बोल्ट सोडावा. उघडलेली आणि भागांवांचून अडलेली मोटार प्रथम महिनाभर, मग वर्षभर आणि शेवटीं कायमची तशीच राहते. अशा मोटारींचे सांगाडे पुष्कळ पडव्यांत दिसतात. त्यांतल्या फारच थोड्या नादुरुस्त होत्या. बाकीच्या अर्ध्यावर सोडलेल्या होत्या.

काम पुरें झाल्यावर परीक्षा कोठें घ्यावी? माळशेज ही परीक्षेची जागा नव्हे. प्रथम सपाट, मोकळ्या रस्त्यावर सावकाश, एकट्यानेंच, थोडें अंतर जाऊन यावें. परत येतांच चाकें हातानें चांचपावीं. एक चाक दुसऱ्याहून गरम लागत असेल, तर तेथें बेअरिंग किंवा ब्रेक अडतो आहे. सर्व बोल्टांवर पुन्हां एकदां पाना फिरवावा. शंभर दोनशे किलोमीटर झाल्यावर तें पुन्हां करावें. मागच्या चाकांची रेषा यंत्रावर तपासून घ्यावी. आणि मोटार कितीहि उत्तम बांधली गेली असली, तरी तिचा मूळ स्वभाव बदललेला नाहीं हें चालकानें विसरूं नये. वेग वळणाच्या आधीं कमी करावा. वळणांत एकदम पाय उचलूं नये.

अशा रीतीनें पाहिलें, तर पडवींतल्या त्या मुलाला मिळणारें उत्तर सरळ आहे. पाहणें त्याचें, लिहिणें त्याचें, सोडणें, धुणें आणि बांधणें त्याचें. हब, दांडा आणि पोलादाचें पाणी कारागिराचें. तरीहि एक शेवटची कसोटी उरते, आणि ती दुसरा कोणी लावूं शकत नाहीं. बांधलेल्या प्रत्येक सांध्याजवळ उभें राहून त्यानें आपल्या मनाला विचारावें कीं या सांध्याच्या भरंवशावर आईला शेजारीं बसवून रायत्यापर्यंत नेतां येईल काय? जेथें उत्तर चांचरत येईल, तेथें पुन्हां पाना घ्यावा, नाहीं तर जाणत्यास बोलवावें.

जुना गाडीवान बैल जुंपण्यापूर्वीं खालीं वाकून आखाची खीळ हातानें चांचपून पाहत असे. खीळ लोहारानें घडविलेली असे, आणि ती काल संध्याकाळींच पाहिलेली असे. तरी तो सकाळीं पुन्हां वाकत असे. गाडींत घरचीं माणसें बसावयाचीं असत.